वाचकांचे प्रश्न: तेलात माखलेला पेंग्विन लगेच का धूत नाहीत?

प्रश्न: अंगावर तेलाचा एखादा डाग असला तरी पेंग्विन दगावू शकतो, असे वाचले. एवढ्याशा डागाने काय होते?

उत्तर: पेंग्विनला ऊब मिळते ती पिसांत कोंडलेल्या हवेमुळे. पिसांचे बारीक तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. तेल लागले की ही गुंफण सुटते आणि तेवढ्या जागेतून गार पाणी आत शिरते. पक्षी कुडकुडतो, अंगातली चरबी झपाट्याने जळते, मग तो पाणी सोडून किनाऱ्यावर येतो. किनाऱ्यावर मासे नाहीत, म्हणजे उपासमार. त्यातच तो चोचीने पिसे साफ करू लागतो आणि तेल पोटात जाते. त्याने आतड्यांना जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उडता येत नसल्याने श्वासासाठी त्याला तवंगातूनच डोके वर काढावे लागते.

प्रश्न: मग सापडल्याबरोबर धुऊन का काढत नाहीत?

उत्तर: कारण धुणे हा त्याच्यासाठी मोठा धक्का असतो. थंडीने गारठलेला, शरीरातले पाणी कमी झालेला पक्षी टबातच मरतो. म्हणून आधी ऊब, नळीने पोटात इलेक्ट्रोलाइटचे द्रावण, आतले तेल शोषून घ्यायला ॲक्टिव्हेटेड चारकोल, आणि मग मासळीची पातळ पेज. वजन आणि रक्त तपासायचे. साधारण दोन-तीन दिवसांनी पक्षी सावध झाला, रक्ताचे आकडे बरे आले, की मगच धुवायचे.

वाळून चिकट झालेल्या तेलाला आधी वनस्पती तेल चोळून मऊ करतात. पाणी सुमारे ४० अंश सेल्सिअस, म्हणजे पक्ष्याच्या अंगाइतके गरम. त्यात भांडी घासायचा द्रव साबण एक-दोन टक्के. एकजण पक्षी धरतो, दुसरा पिसांच्या दिशेने पाणी खेळवतो. डोक्याला आणि डोळ्यांभोवती मऊ टूथब्रश. पाणी काळे झाले की टब बदलायचा, असे करत करत पाणी स्वच्छ राहीपर्यंत.

खरा घोटाळा होतो तो पुढे, साबण काढताना. पिसांत साबण उरला, तर तेल गेले तरी पाणी आत शिरतेच. जोराच्या फवाऱ्याने इतके धुवायचे की पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळले पाहिजेत. पाणी जड, म्हणजे क्षारांचे असेल तर साबणाचा थर पिसांवर बसतो. म्हणून मऊ पाणीच लागते. पुढे उबदार हवेत वाळवणे, मग तलाव. काही तास पोहून आला तरी आतली पिसे कोरडी असली पाहिजेत. बंदिस्त, दमट जागेत फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग होतो, कडक जमिनीवर तळपायांना फोड येतात. बचाव केंद्रातले बरेच मृत्यू तेलाने नव्हे, यांनी होतात. गोठवलेल्या मासळीतले बी-१ जीवनसत्त्व कमी झालेले असते, ते वेगळे द्यावे लागते.

प्रश्न: पेंग्विनला घालायचे लोकरी स्वेटर विणून पाठवावेत का?

उत्तर: नको. चोच पिसांपर्यंत जाऊ नये म्हणून काही ठिकाणी ते वापरले गेले, पण घालता-काढताना पक्षी बिथरतो आणि उबेसाठी दिवा व ऊबदार खोली जास्त उपयोगी. पैसे किंवा टॉवेल पाठवलेले बरे.

प्रश्न: सोडल्यावर ते जगतात का?

उत्तर: जगतात, पण वेळेवर मदत मिळाली तर. जून २००० मध्ये केपटाउनजवळ ‘ट्रेझर’ हे जहाज बुडाले. सुमारे १९,००० पेंग्विन तेलात सापडले. बचावकार्य मोठे होते आणि त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त वाचले. जवळपास तितकेच न माखलेले पक्षी बेटांवरून उचलून सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ सोडले. ते पोहत घरी परतेपर्यंत तेल साफ करायला वेळ मिळाला. ही युक्ती मला धुण्याहूनही भारी वाटते: न माखलेला पक्षी वाचवणे कितीतरी स्वस्त पडते. उलट, मार्च २०११ मध्ये ‘ऑलिव्हा’ जहाज दक्षिण अटलांटिकमधल्या दुर्गम त्रिस्तान दा कुन्हा द्वीपसमूहातल्या नाइटिंगेल बेटावर आपटले. तिथे पकडलेल्या सुमारे ३,७०० रॉकहॉपर पेंग्विनांपैकी दहातला एकच वाचला. सामान आणि तज्ज्ञ पोहोचायलाच बोटीने बरेच दिवस लागतात. आणि वाचलेल्यांतही सारे सुरळीत होत नाही: ‘ट्रेझर’च्या तेलातून वाचवलेल्या पक्ष्यांनी पुढे पिल्ले वाढवली, पण न माखलेल्यांपेक्षा कमी.