लेकीला व्यवहारी कसं करायचं विचारताय, आधी दवाखान्यात फोन करा

कागल तालुक्यातल्या एका दादांचं पत्र आलंय. मुलगी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात थर्ड इयरला आहे. सुट्टीला घरी आली तर गोठ्यातली एक एचएफ गाय लाळ गाळत होती, वैरणीला तोंड लावत नव्हती, पाय झाडत होती. पोरीनं तोंड उघडून बघितलं तर जिभेवर फोड. म्हणाली, "पप्पा, लाळ खुरकत वाटतंय, दवाखान्यात कळवा, गाय कुठं हलवू नका." दादांनी दोन दिवसांनी ती गाय वडगावच्या बाजारात विकली. तेव्हापासून पोरगी बोलत नाही, दहा दिवस झाले. दादा विचारतात, हिला व्यवहारी कसं करायचं, आणि पुढं कुठल्या लाईनला घातली म्हणजे असल्या रिपोर्टच्या भानगडीत पडणार नाही, कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक टाकून दिलं तर? आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय, "आता दुसरी पण तशीच करतीय, घरीच तुरटीच्या पाण्यानं तोंड धुतोय."

दादा, करिअरचं नंतर बोलू. ती शेवटची ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला. हे वाचून झालं की आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, नाही लागला तर जनावरांच्या 1962 या हेल्पलाईनला करा, आणि डॉक्टर येईपर्यंत त्या गाईची दावण, पाण्याची बादली, वैरण सगळं वेगळं ठेवा. तिचं बघणारा माणूस दुसऱ्या जनावरांकडं जाऊ देऊ नका.

आता स्पष्टच बोलतो, राग मानू नका. तुम्ही पोरीला शिरवळला कशाला पाठवलं? जनावराचा आजार ओळखायला ना? मग तिनं तो ओळखला, तेही थर्ड इयरला, आपल्याच गोठ्यात, तर तुम्ही तिला म्हणताय गप्प बस. ती तुमच्यावर रुसलेली नाही हो, ती घाबरलीय. तिला माहितीय की लाळ खुरकतीचा विषाणू फोड दिसायच्या आधीपासूनच बाहेर पडायला लागतो, लाळेतून, दुधातून, श्वासातून, आणि गाडीच्या पाट्याला, माणसाच्या चपलेला, कपड्याला लागून पुढच्या गोठ्यात जातो. ज्यानं तुमची गाय घेतली तो पण कुठंतरी डेअरीला दूध घालणारा माणूसच असेल, त्याचं पण घर दहा दिवसाच्या बिलावर चालत असेल, आणि त्याच्या गोठ्यात लहान वासरं असली तर ती कधी कधी फोड यायच्या आधीच हृदय निकामी होऊन जातात. मोठी जनावरं मरत नाहीत बहुतेक, पण दूध तुटतं ते तुटतंच, काही जनावरं बरी झाली तरी उन्हात धापा टाकत राहतात. हे सगळं ती पुस्तकात शिकली आणि सुट्टीत आपल्या बापाला ते करताना बघितलं.

तुमचा जो मोठा गैरसमज आहे, आणि तो तुमचा एकट्याचा नाही, तो असा की आजार कळवणं म्हणजे डॉक्टरनं शेतकऱ्याची केलेली चुगली. तसं नाहीये. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा 2009 चा केंद्राचा कायदा आहे, त्यात रोगांची यादी आहे, लाळ खुरकत त्यात आहे, लम्पी आहे, फाशी म्हणजे अँथ्रॅक्स आहे, सांसर्गिक गर्भपात आहे. आणि कळवायची पहिली जबाबदारी त्यात डॉक्टरवर नाही, जनावराच्या मालकावर आहे. म्हणजे तुमच्यावर. आजारी जनावर वेगळं बांधायचं ते पण मालकानंच, आणि आजारी आहे माहीत असताना बाजारात न्यायला सरळ मनाई. डॉक्टरचं काम त्याच्या पुढं सुरू होतं, येऊन तपासायचं, नमुना घेऊन लॅबला पाठवायचा, खात्री पटली की तो भाग बाधित जाहीर करायचा, त्यासाठी स्थानिक पेपरात छापायचं आणि गावात दवंडी पिटायची असंसुद्धा कायद्यात लिहिलंय. मग आजूबाजूच्या निरोगी जनावरांना लस. गाय मारून टाकतील ही भीती असेल तर तीही काढून टाका, लाळ खुरकतीला आपल्याकडं गाई मारत नाहीत. डेअरी बंद होईल म्हणाल तर 2022 ला लम्पीत जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती बंद झाल्या, पण दूध संकलन चालूच होतं. आणि लम्पीत गाय मेली तर राज्य सरकारनं 30,000 रुपये दिले, ते ज्यांच्या जनावरांची सरकारी नोंद झाली त्यांना. लपवणाऱ्याच्या हातात काय आलं?

तुमच्या वडलांना बुळकांडी विचारा, गुरांची ती जुनी साथ. गोठेच्या गोठे साफ व्हायचे. तो रोग 2006 ला भारतातून आणि 2011 ला जगातून गेला असं अधिकृत जाहीर झालं, माणसांच्या देवीनंतर जगातून घालवलेला हा दुसराच रोग. तो नुसत्या लसीनं गेला नाही, गावोगाव फिरून "कुठं आजारी जनावर आहे का" विचारणाऱ्या डॉक्टरांनी आणि खरं सांगणाऱ्या मालकांनी घालवला. तुमची पोरगी त्याच कामाची आहे.

आणि कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक? जरूर टाका, तिला आवडत असेल तर. पण रेबीज त्याच यादीत आहे दादा. यातून पळायला पशुवैद्यकात लाईनच नाही, आणि ती पळणारी दिसत पण नाही.

परीक्षांचं तिला माहीतच असणार, एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, नाहीतर मास्टर्स. मला विचाराल तर तिनं सार्वजनिक आरोग्य आणि साथरोगशास्त्र या विषयात मास्टर्स करावं, पुढं पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागासारख्या ठिकाणी असल्या डोळ्यांची माणसं लागतात. पण हे तिला ठरवू द्या. व्यवहार शिकवायचाच तर एवढा शिकवा की गाय घेणाऱ्याचा नंबर शोधून त्याला खरं सांगायचं, वेगळी बांध म्हणायचं, आणि पैसे परत मागितले तर द्यायचे. तो फोन तिच्यासमोर करा, सुट्टी संपून ती शिरवळला जायच्या आत.