विंडोज आपोआप बसते, पण ड्रायव्हर हातानेच टाकावे लागतात, काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : मालवणजवळच्या शाळेत १८ संगणक आहेत, काही ११व्या पिढीच्या इंटेलचे लॅपटॉप, बाकी ८व्या पिढीचे डेस्कटॉप. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून सगळ्यांवर विंडोज ११ टाकायचं आहे. ऑटोअनअटेंड.एक्सएमएल, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली उत्तरफाइल, तयार आहे, पण लॅपटॉपवर डिस्कच दिसत नाही, डेस्कटॉपवर नेटवर्क लागत नाही, आणि शेवटी एकेका यंत्रापाशी बसून ड्रायव्हर टाकावे लागतात.

मी गुहागर-रत्नागिरी पट्ट्यात शाळा आणि पतसंस्थांचे संगणक बघतो. आपल्याकडे ‘नंतर विंडोज अपडेट सगळं ओढून घेईल’ या भरवशावर काम करता येत नाही. पावसात लाइट गेली की टॉवरही जातो आणि नेटही. त्यामुळे लागेल ते सगळं पेनड्राइव्हवरच हवं.

माझं सांगणं एवढंच : ड्रायव्हर कुठल्या भागाचा आहे यावर वाटण्या करू नका, तो कधी लागतो यावर करा. डिस्कचा ड्रायव्हर सेटअप सुरू होतानाच लागतो. नेटवर्कचा लागतो वापरकर्ता तयार करण्याच्या पडद्याआधी. ग्राफिक्स, आवाज, टचपॅड, कॅमेरा हे सगळं त्यानंतर बसलं तरी कोणाचं काही अडत नाही. हे तिन्ही एकाच फोल्डरात कोंबले की घोडं पेंड खातं.

फॉरमॅट मारण्याआधी प्रत्येक मॉडेलचं एक चालू यंत्र घ्या, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पीएनपीयूटिल या ड्रायव्हर हाताळणाऱ्या आज्ञेला /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, तारांकन आणि फोल्डरचा मार्ग द्या. बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर आयएनएफ फायलींसकट (ड्रायव्हर कुठल्या उपकरणाचा हे सांगणाऱ्या) त्या फोल्डरात उतरतात. विंडोजचे स्वतःचे येत नाहीत, ते यायची गरजही नाही. १०वर चाललेले बहुतेक ड्रायव्हर ११वर चालतात. मी हे काम कधीही टाळत नाही, कारण एकदा डिस्क पुसली की त्या मॉडेलचा नेमका वायफाय ड्रायव्हर शोधण्यात अख्खी दुपार जाते. फोल्डरातून जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर तेवढे काढून टाका. आणि ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या संचांच्या नादी शाळेच्या संगणकावर कृपा करून लागू नका. ड्रायव्हरसोबत नको ते प्रोग्राम येतात आणि ते मुलांच्या समोर उघडतात.

आता लॅपटॉपची डिस्क. ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळणारी सोय) चालू असतं आणि त्याच्या मागे असलेली एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क सेटअपला ड्रायव्हरशिवाय दिसत नाही. गुहागरजवळच्या एका शाळेत मला हेच भेटलं. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या आज्ञेत लिस्ट डिस्क दिलं, तर यादीत एकच ओळ : डिस्क ०, २९ जीबी. तो माझाच पेनड्राइव्ह होता. डिस्कपार्टमधून बाहेर आलो, ड्रव्हलोड या ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेला पेनड्राइव्हवरच्या इंटेलच्या स्टोरेज ड्रायव्हरचा, म्हणजे आयएस्टॉरव्हीडी.आयएनएफचा मार्ग दिला, परत लिस्ट डिस्क. आता दुसरी ओळ आली, ४७६ जीबी. मुख्याध्यापक बाई शेजारी उभ्या होत्या. ‘म्हणजे डिस्क गेली नव्हती?’ एवढंच त्यांनी विचारलं. त्या नव्या डिस्कच्या खर्चाची बेरीज करून बसल्या होत्या.

त्या पहिल्या यादीकडे नीट लक्ष द्या. तुमच्या उत्तरफाइलीत ‘डिस्क ० पुसा’ असं लिहिलेलं असेल आणि स्टोरेज ड्रायव्हर लागलेला नसेल, तर त्या क्षणी डिस्क ० म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह. म्हणून हा ड्रायव्हर पक्का लागतोय हे बघेपर्यंत डिस्क पुसण्याची सूचना फाइलीत ठेवू नका.

हा ड्रायव्हर आपोआप लागावा म्हणून सगळ्यात सोपी वाट अशी : पेनड्राइव्हच्या मुळाशी $विनपीईड्रायव्हर$ नावाचा फोल्डर करा. प्रत्यक्षात नाव अर्थातच रोमन अक्षरांत, दोन्ही टोकांना डॉलरचं चिन्ह, मध्ये जागा नाही. सेटअप सगळ्या ड्राइव्हवर हा फोल्डर स्वतःहून शोधतो, त्यामुळे पेनड्राइव्हला कुठलं अक्षर मिळालं याची चिंता राहत नाही. उत्तरफाइलीतल्या विंडोजपीई टप्प्यात (सेटअपच्या सुरुवातीच्या) ड्रायव्हरचा मार्ग लिहिण्याचीही सोय आहे, पण तिथे अक्षर बदललं की मार्ग चुकतो. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर ईएक्सई फाइल म्हणून डाउनलोड होतो, तो तसाच ठेवून उपयोग नाही. सेटअपआरएसटी या त्याच फाइलीला -एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स आणि फोल्डरचं नाव द्या, आतला व्हीएमडीचा फोल्डर तेवढा उचला. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. एका लॅपटॉपला ठीक आहे, पण पुढे कोणी बायोस रिसेट केला आणि ते परत चालू झालं, तर विंडोज उघडणारच नाही. शाळेत मी तो मार्ग धरत नाही.

नेटवर्कचा ड्रायव्हरही याच फोल्डरात ठेवा, लॅनचा आणि वायफायचा दोन्ही. विंडोज ११ सुरुवातीच्या पडद्यावर नेटवर्क मागतं आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच थांबून राहतं. मग माणूस न बसवता चालणाऱ्या सेटअपला अर्थ काय? तिथे अडकलाच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. तुमच्या भागात समुद्र जवळ, तेव्हा केबल लावूनही काही होत नसेल तर आधी पोर्ट बघा. खाऱ्या हवेने यूएसबी आणि लॅनच्या पिना हिरव्या पडलेल्या मी कितीदा पाहिल्या आहेत, आणि दोष मात्र ड्रायव्हरला दिलेला असतो.

उरलेले ड्रायव्हर सोर्सेस फोल्डरातल्या $ओईएम$ मध्ये, त्याच्या आत $१ मध्ये, एखाद्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरात ठेवा. $१ म्हणजे सी ड्राइव्हचं मूळ, सेटअप तो मजकूर तिकडे नेऊन ठेवतो. मग उत्तरफाइलीच्या स्पेशलाइझ टप्प्यात (विंडोज डिस्कवर उतरल्यावर, वापरकर्त्याच्या पडद्याआधी येणाऱ्या) एक आज्ञा लिहा : पीएनपीयूटिल, /ॲड-ड्रायव्हर, सी ड्राइव्हवरच्या त्या फोल्डराचा मार्ग आणि *.आयएनएफ, मग /सबडिर्स आणि /इन्स्टॉल. बरेच जण हेच सेटअपच्या शेवटी चालणाऱ्या सेटअपकम्प्लीट.सीएमडी या फाइलीत टाकतात. पण यंत्राला कंपनीची ओईएम की (यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवाना) असेल तर होम आणि प्रो आवृत्तीत ती फाइल चालतच नाही, कसली सूचनाही येत नाही. तुमचे लॅपटॉप विंडोजसकट आलेले असणार, म्हणून स्पेशलाइझच धरा. आज्ञेने ३०१० हा आकडा परत दिला तर घाबरू नका, त्याचा अर्थ रीस्टार्ट हवा आहे.

दोन्ही मॉडेलचे ड्रायव्हर एकत्र ठेवले तर चुकीचा बसेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही बसणार. प्रत्येक उपकरण आपली हार्डवेअर आयडी सांगतं, विंडोज ती आयएनएफमधल्या यादीशी जुळवतं आणि जुळेल तोच लावतं. न जुळणारे विंडोजच्या ड्रायव्हर साठ्यात नुसते पडून राहतात आणि जागा खातात, बस. दोन मॉडेलना हे चालतं. पाच-सहा झाली तर पॉवरशेलने मॉडेलचं नाव वाचून त्याच नावाचा फोल्डर निवडा. त्यात एक खाचखळगा आहे : लेनोवोमध्ये नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक येतो, वाचता येणारं नाव व्हर्जनच्या रकान्यात असतं.

आधी प्रत्येक मॉडेलच्या एकाच यंत्रावर करून बघा, आणि तेही यूपीएसवर, मधेच लाइट गेली तर पहिल्यापासून सुरुवात. झाल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळी खूण आणि कोड २८ दिसला तर त्या उपकरणाला ड्रायव्हर मिळालाच नाही. मग विंडोज फोल्डरातल्या आयएनएफमध्ये सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग आहे, त्यात ती हार्डवेअर आयडी शोधा. सेटअपच अडला असेल तर पँथर फोल्डरातला सेटअपॲक्ट.लॉग बघा. आयडी इथे टाकलीत तर कोणता ड्रायव्हर हवा ते मी सांगेन. लॅपटॉपचं मॉडेलही लिहा, माझ्याकडे काही मॉडेलचे काढलेले संच आहेत.