घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे आकड्यांविषयीची निघाली. घड्याळातला आकडा, पाण्याच्या बाटलीवरचा आकडा, नाण्यावरचा, स्टेशनच्या फलकावरचा आणि शेवटी कुकरच्या शिट्ट्यांचा. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण ते लिहिणाऱ्यांनी मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर जाऊन स्वतः पाहणी केली होती आणि अशी पत्रे आमच्याकडे क्वचित येतात.

प्रश्न (नौपाडा, ठाणे येथील एक निवृत्त शिक्षक): मे महिन्याच्या मध्यावर एके दिवशी ठाण्यात भर दुपारी सावली नाहीशी होते, असे वाचल्यामुळे मी १६ मे रोजी बरोबर बारा वाजता सोसायटीच्या गच्चीवर फूटपट्टी उभी धरली. सावली नाहीशी झाली नाही. ती पश्चिमेकडे दोन-अडीच बोटे लांब पडली होती. माझे घड्याळ चुकले की वाचलेले चुकीचे होते?

उत्तर: आपले घड्याळ बरोबर आहे आणि वाचलेलेही बरोबर आहे, चुकली ती गच्चीवर जाण्याची वेळ. आणखी पस्तीस मिनिटे उन्हात थांबला असता, तर सावली पट्टीच्या पायाशी गोळा झालेली आपण पाहिली असती.

सगळ्या देशाचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाला बांधलेले आहे आणि तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. ठाणे ७३ अंशांच्या किंचित अलीकडे, म्हणजे त्या रेषेच्या साडेनऊ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, त्यामुळे मिर्झापूरच्या माथ्यावरून निघालेला सूर्य ठाण्याच्या माथ्याच्या रेषेवर यायला सरासरी ३८ मिनिटे घेतो. सरासरी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे, या दोन कारणांनी सूर्य वर्षभरात कधी घड्याळाच्या पुढे धावतो, तर कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठाण्याची खरी मध्यान्ह १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला तीच १२ वाजून ५२ मिनिटांपर्यंत लांबते. मेच्या मध्याला ती साधारण १२ वाजून ३४ मिनिटांवर असते. आपण पट्टी धरली तेव्हा सूर्य माथ्यावर येण्यास आठ अंशांहून थोडे अधिक अंतर उरले होते आणि तेवढ्या कलाने ३० सेंटीमीटरच्या पट्टीची सावली सुमारे सव्वाचार सेंटीमीटर पडते. आपली दोन-अडीच बोटे या हिशेबात चोख बसतात.

असा शून्य सावलीचा योग ठाण्याला वर्षातून दोनदा येतो. दुसरा २७ जुलैच्या आसपास, पण त्या दिवसांत आकाश भरलेले असल्यामुळे त्याचा उपयोग फारसा कुणाला होत नाही. पुढच्या मे महिन्यात पट्टीऐवजी गवंड्याचा ओळंबा वापरावा. हाताने धरलेली पट्टी सरळ उभी आहे की नाही, याची खात्री देता येत नाही.

हाच अर्ध्या तासाहून मोठा फरक रामनवमीला दरवर्षी आपल्यासमोर येतो. रामाचा जन्म माध्यान्हीचा. काही ठिकाणी घड्याळात बारा वाजताच पाळणा हलतो, तर काही ठिकाणी पंचांगात दिलेली १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपासची वेळ येईपर्यंत कीर्तनकार कीर्तन लांबवत नेतात आणि मग गुलाल उधळला जातो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा; खगोलशास्त्र मात्र या दुसऱ्या मंडळींच्या बाजूचे आहे.

घड्याळातले बारा आणि आकाशातले बारा यांची फारकत तशी जुनी नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, तेव्हा भारताची एकच एक अशी वेळ नव्हती. प्रत्येक शहर आपापल्या सूर्यावर चालत असे. रेल्वेचे जाळे पसरल्यावर असे शंभर बारा परवडेनात, म्हणून रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे असल्यामुळे मुंबईच्या घड्याळावर विसंबून स्टेशनवर पोहोचणाऱ्याची गाडी चुकणे ठरलेलेच होते. १ जानेवारी १९०६ पासून सध्याची प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ती सुखासुखी स्वीकारली नाही. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस होते. सरकारने घड्याळाचा काटा ३९ मिनिटे पुढे ढकलणे हासुद्धा लोकांना हुकूमशाहीचाच भाग वाटला. प्रमाणवेळेशेजारी 'मुंबई टाइम' थेट १९५५ पर्यंत टिकून होता. घरात जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवल्या असतील तर मुहूर्तापुढची 'स्टँ. टा.' ही अक्षरे पाहावीत. कोणत्या घड्याळाचा मुहूर्त, हे वऱ्हाडाला सांगणे तेव्हा गरजेचे होते.

प्रश्न (नेरूळ येथील एक वाचक): पाण्याच्या बाटलीवर २० रुपये छापलेले असताना दुकानदाराने 'थंड करण्याचे' म्हणून २ रुपये जास्त घेतले. त्याच आठवड्यात एका उपाहारगृहात तशाच बाटलीचे ४० रुपये लावले. दोन्ही बेकायदा नाही का?

उत्तर: पहिले बेकायदा आहे, दुसरे तसे म्हणता येणार नाही. उत्तर ऐकून आपण चिडाल, याची कल्पना आहे.

वैध मापन अधिनियम २००९ आणि त्याखालील २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांनुसार वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते आणि तिच्यापेक्षा अधिक रक्कम किरकोळ विक्रेत्याला घेता येत नाही. शीतपेटीचे वीजबिल हा त्याच्या धंद्याचा खर्च आहे. तो गिऱ्हाइकाच्या बाटलीवर वेगळा चढवता येत नाही. पूर्वी काही वस्तूंवर 'स्थानिक कर वेगळे' असे छापलेले असे, आणि ते कर नेमके किती हे दुकानदार सांगेल ते खरे मानावे लागे. ती पळवाट बंद झालेली आहे.

उपाहारगृहाची गोष्ट निराळी. हॉटेलचालकांच्या संघटनेने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे ठरवले की, तिथे येणारा माणूस नुसती बाटली विकत घेऊन जात नाही. बसायला जागा, पंखा किंवा वातानुकूलन, पेला आणि वाढपी हे सारे त्या व्यवहारात येते, त्यामुळे तो साध्या विक्रीचा व्यवहार उरत नाही. मला स्वतःला हा युक्तिवाद जेवणाच्या बाबतीत जितका पटतो, तितका सीलबंद बाटलीच्या बाबतीत पटत नाही. परंतु कायदा आज तसा आहे. अशा ठिकाणी पेल्यातले साधे पाणी मागावे. ते मागायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

आणखी एक गैरसमज पत्रात डोकावतो, तो असा की ही किंमत सरकार ठरवते. काही औषधांच्या कमाल किमती सरकार बांधून देते, हे खरे. बाटली, बिस्किटे, साबण यांच्यावरचा आकडा मात्र उत्पादक स्वतः ठरवून छापतो आणि दुकानदार त्याहून कमी दरात खुशाल विकू शकतो. दुकानदाराविरुद्ध तक्रार करायची असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती जवळ असू द्यावी.

प्रश्न (वाशीतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या खजिनदार): भाजीवाले दहा रुपयांचे नाणे घेत नाहीत, 'हे बंद झाले' म्हणतात. उलट आमचे एक सभासद रागाने सगळा देखभाल खर्च नाण्यांत आणून देतात. नियम काय आहे?

उत्तर: दहाचे नाणे बंद झालेले नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते की, या नाण्याच्या तोवर काढलेल्या १४ नमुन्यांपैकी प्रत्येक नमुना वैध आहे. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये आले, म्हणून त्याआधीच्या नाण्यांवर ते नसणारच. 'चिन्ह नाही म्हणजे खोटे' ही बाजारातली समजूत तिथूनच निघाली असावी. भाजीवाल्याला ही माहिती देऊन उपयोग होईलच असे नाही. पुढच्या माणसाने त्याच्याकडून ते घेतले नाही, तर दहा रुपयांचा फटका त्यालाच बसतो, ही त्याची अडचण खरी आहे.

आपल्या सभासदांना मात्र नाणे अधिनियम २०११ दाखवावा. एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत आणि पन्नास पैशांची नाणी १० रुपयांपर्यंत. त्यापुढची पिशवी नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ती स्वीकारलीच, तर मोजताना सालाखालची खूण पाहावी: बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे.

प्रश्न (ऐरोलीतील एक विद्यार्थी): लोणावळ्यासारख्या स्टेशनांच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. चढ किती आहे हे चालकाला कळून त्याने इंजिनाचा जोर ठरवावा म्हणून ती लिहितात, असे मोबाइलवर आले होते. हे खरे आहे का?

उत्तर: ऐकायला पटते, पण गाडी प्रत्यक्षात अशी चालवली जात नाही. चालकाला आपल्या मार्गावरचे चढउतार आधीपासून ठाऊक असतात आणि रुळांच्या कडेला चढ दाखवणारे छोटे खांबही रोवलेले असतात. दोन स्टेशनांच्या उंचीतली वजाबाकी त्याच्या काही कामाची नसते, कारण मध्ये चढ किती आणि उतार किती, हे त्या वजाबाकीतून कळत नाही. उंचीची खरी गरज मार्ग आखणाऱ्यांना होती. कर्जत-लोणावळा घाटात रूळ ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर चढतो. हा चढ पुढच्या इंजिनाला एकट्याने पेलत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून रेटणारी इंजिने जोडतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात आणि प्रवासी तेवढ्या वेळात वडा खाऊन घेतात.

तुझ्या पत्रातला खरा चांगला प्रश्न तू विचारलेलाच नाहीस: समुद्राची सपाटी म्हणजे कोणती? वाशीच्या पुलावरून जाताना कधी खाडी काठोकाठ भरलेली दिसते, तर कधी नुसता चिखल आणि त्यात चरणारे रोहित पक्षी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. म्हणून किनाऱ्यावरच्या ठरावीक बंदरांत वर्षानुवर्षे पाण्याची पातळी नोंदवून तिची सरासरी काढतात आणि तिला शून्य मानतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ मध्ये अशा नऊ बंदरांच्या नोंदींवरून देशाचे शून्य निश्चित केले. मुंबईचे अपोलो बंदर त्या नवांपैकी एक आहे. फलकावरची उंची प्रत्यक्ष खाडीच्या पाण्यापासून मोजलेली नसून या ठरवलेल्या शून्यापासून मोजलेली असते.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे येथील एक वाचक): सासूबाई तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या म्हणतात, शेजारच्या काकू पाच म्हणतात आणि माझ्या इंडक्शनवर सहा होऊनही डाळ टणकच राहते. बरोबर कोण?

उत्तर: आपापल्या चुलीपुरत्या सासूबाई आणि काकू दोघीही. शिट्टी हे काळाचे माप नाही. कुकरमधला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, म्हणजे झाकणावरचे वजन उचलले जाते आणि जास्तीची वाफ बाहेर पडते, इतकाच तिचा अर्थ. त्या दाबाला आतले पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि डाळ शिजते ती या वाढीव तापमानाला जितका वेळ राहील त्यावर. पहिली शिट्टी झाली की आतले तापमान जवळजवळ गाठलेले असते. त्यापुढे आच मोठी ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात, पण डाळीला मिळणारा वेळ वाढत नाही. फक्त गॅस किंवा वीज आणि कुकरमधले पाणी खर्च होते.

आपल्या इंडक्शनवर नेमके हेच होत असावे. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या चार-पाच मिनिटांत उरकतात, तर सासूबाईंच्या मंद गॅसवर तीन शिट्ट्यांना पाव तास लागत असेल. पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करावी, वजन अधूनमधून नुसते फुसफुसेल एवढीच ठेवावी आणि तिथून दहा-बारा मिनिटे मोजावीत. डाळ तासभर आधी भिजवली असेल तर त्याहून कमी पुरतात. नंतर वजन चिमट्याने उचलून वाफ घालवू नये. दाब आपोआप उतरेपर्यंत डाळ आत शिजतच असते. एवढे करूनही ती टणक राहिली, तर डाळ जुनी आहे की कुकरची रबरी कडी सैल झाली आहे, हे पाहावे. झाकणाच्या कडेने वाफ येत असेल, तर दोष कडीचा.