दीड लाखाचा व्हीएलएसआय क्लास लावायचा का?

नमस्कार, पत्र वाचलं तुमचं. मुलगी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या लॅबमध्ये स्पार्टन-६ या एफपीजीएचे (हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा उतरवता येणाऱ्या चिपचे) जुने बोर्ड, आणि पुण्यातला एक व्हीएलएसआयचा (म्हणजे चिप डिझाइनचा) क्लासवाला म्हणतोय दीड लाख भरा, लायसन्सवालं टूल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकवतो, त्याशिवाय चिप डिझाइनमध्ये नोकरी नाही. एवढ्यात भरू नका.

त्या लॅबमधल्या बोर्डाचंच बघा ना. स्पार्टन-६ला झायलिंक्सचं आयएसई टूल लागतं, त्याचं शेवटचं व्हर्जन २०१३चं, त्याच्या जागी कंपनीने विवाडो आणलं आणि त्यात हा बोर्ड चालतच नाही. म्हणजे ज्यांनी नुसतं कुठलं बटण कुठे ते पाठ केलं त्यांचं परत पहिल्यापासून, आणि ज्यांना व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा), टायमिंग, टेस्टबेंच (डिझाइन तपासणारा कोड) नीट येत होतं त्यांना फक्त मेनू बदलला.

तिला घरच्या लॅपटॉपवर फुकटची ओपन सोर्स टूल्स टाकू द्या. सिम्युलेशनला इकारस व्हेरिलॉग किंवा व्हेरिलेटर, वेव्हफॉर्म बघायला जीटीकेवेव्ह, सिंथेसिसला (कोडचं सर्किट करायला) योसिस, प्लेस अँड राउटला (ते सर्किट चिपवर मांडून जोडायला) नेक्स्टपीएनआर. लॅटिस कंपनीच्या आइस४० या एफपीजीएचा बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) फॉरमॅट कंपनीने उघड केलेला नव्हता, २०१५च्या सुमाराला बाहेरच्या लोकांनीच तो उलगडला (कमाल चिकाटीचं काम आहे हे), आणि तेव्हापासून कंपनीच्या टूलला हात न लावता कोडपासून बोर्डापर्यंत जाता येतं. फक्त पिन नंबर, पीएलएल (क्लॉक बनवणारा भाग) असलं बोर्डापुरतं जे काही असेल ते वेगळ्या फाइलीत ठेवायची सवय लावा, म्हणजे तेच डिझाइन उद्या दुसऱ्या कंपनीच्या एफपीजीएवर चढवता येईल. एकच यूएआरटी (सिरियल डेटा पाठवणारं छोटं सर्किट) दोन कंपन्यांच्या बोर्डावर चालवून दाखवला तर इंटरव्ह्यूत बोलायला भरपूर मिळतं.

पण यावरच नोकरी लागेल असं मी म्हणणार नाही. कंपन्यांत सिनॉप्सिस, केडन्स या कंपन्यांची महागडी टूल्स चालतात, जाहिरातीत तीच नावं असतात, आणि व्हेरिफिकेशनला (डिझाइन बरोबर आहे का तपासायला) जे यूव्हीएम (टेस्टबेंच लिहायची ठरलेली पद्धत) मागतात तिथे फुकटची टूल्स अजून मागे आहेत. म्हणून आधी कॉलेजात विचारा, केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेतून सी-डॅक या सरकारी संस्थेमार्फत बऱ्याच कॉलेजांना हीच महागडी टूल्स मिळालीयत. आयआयटी बॉम्बेचा फॉसी (ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा) प्रकल्पही बघून ठेवा, त्यांचं ई-सिम सर्किट डिझाइनसाठीच आहे, फुकट आहे.

कॉलेजात काहीच नसेल आणि क्लास लावायचाच झाला, तर लायसन्स एका मुलाला किती तास मिळतं आणि तिचा कोड तपासणार कोण, एवढं लेखी घ्या.