ओळखीचं कोणी भेटलं तर?

"मॅडम, सोलापूर केवढंसं आहे? मीटिंगला गेलो आणि कोणी ओळखीचं भेटलं तर?"

दारू सोडायला तयार होऊन माझ्याकडे आलेल्या माणसाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे 'एए'च्या, मीटिंगला जा म्हटलं की तो हा प्रश्न विचारतोच. दारू सोडू पाहणारी माणसं तिथे एकत्र बसून एकमेकांशी बोलतात. विचारणारे हे गृहस्थ अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, इथे त्यांना जॉबरच म्हणते. बायको विड्या वळते, घरात तेलुगू, बाहेर मराठी. माझ्याकडे आधी आली ती बायकोच. आमटीत गुपचूप घालायचं औषध मिळतं का, हे विचारायला. तसलं काही करू नका, असं मी तिला बजावलं. डायसल्फिरामसारखी दारू सोडवायची गोळी पोटात आहे हे माहीत नसताना माणूस वरून प्यायला, तर जीवावर बेतू शकतं.

दुसऱ्या खेपेला ती नवऱ्याला घेऊनच आली. त्यांनी 'ओळखीचं कोणी'चा मुद्दा काढला तशी ती फणकारली, "चौकात पडलेलं सगळ्या पेठेनं बघितलंय की! आता सोडताना बघितलं तर काय बिघडतंय?"

तिचं खरं होतं, पण जॉबरची भीतीही खोटी नव्हती. पिणाऱ्याला लोक 'पितो' म्हणतात, विषय संपतो. मीटिंगला जाणाऱ्यावर मात्र रोज नजर असते, कधी घसरतोय म्हणून.

आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. सकाळी घोट घेतल्याशिवाय त्यांचे हात थांबत नव्हते. अशा माणसानं एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. मीटिंगची खुर्ची हे काम करत नाही. मग 'एए'च्या मीटिंगचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला.

चूक माझी इथे झाली. जॉबर गेले, समोरच्या पानटपरीवर अर्धा तास उभे राहिले आणि घरी आले. चिठ्ठी माणसाला दारापर्यंत नेते, उंबरा ओलांडायला सोबत लागते. मग त्यांना विचारून मी एका जुन्या सभासदाला त्यांचा नंबर दिला. तो गृहस्थ स्कूटरवर येऊन त्यांना घेऊन गेला. नव्या माणसाला हात देणं हा या मंडळींच्या स्वतःच्या न पिण्याचाच भाग असतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात हे सुरू झालं तेही असंच. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले.

आत गेल्यावर नाव-गाव-पत्ता लिहून घेणारं कोणी नव्हतं. फी नाही. शेवटी पैशाची पिशवी फिरते, पण नव्या माणसानं काही टाकायचं नसतं. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. बोलायची सक्तीही नाही. जॉबर पहिल्या दोन मीटिंगांत "मी फक्त ऐकायला आलोय" एवढंच म्हणाले. मराठी अडखळतं याची लाज होती, तीही तिथे कोणी काढली नाही.

आणि तिसऱ्या मीटिंगला ओळखीचा माणूस भेटलाच! त्यांच्याच पेठेतला. तो "या, बसा" म्हणाला, शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची पुढे सरकवली, बस्स.

दोन दिवसांनी जॉबर माझ्याकडे आले ते चिडून. "बाजारात समोरासमोर आला मॅडम, ओळखसुद्धा दाखवली नाही!"

मला हसू आवरेना. मग त्यांनाही आलं. कोण आलं, काय बोललं, ते खोलीतच ठेवायचं, हा तिथला नेम. तो माणूस त्यांचीच भीती सांभाळत होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गड्ड्याच्या यात्रेत जुने दोस्त भेटले आणि जॉबर प्यायले. त्या रात्री फोन मला नाही, स्कूटरवाल्याला केला. पुढच्या मीटिंगला पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागले. तिथल्या प्रार्थनेत देव येतो म्हणून काहींना ते जमत नाही. त्यांना मी दुसरा रस्ता शोधून देते, डॉक्टर, समुपदेशन किंवा व्यसनमुक्ती केंद्राचा पाठपुरावा गट.

पत्ता कुठे मिळेल, असं लोक विचारतात. जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा सरकारी १४४४६ हा मोफत फोन, इथून सुरुवात करा. जागा आणि वार बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा. घरचे सोबत येणार असतील तर 'ओपन' मीटिंग आहे का, विचारा. 'क्लोज्ड'ला फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट असतो. जॉबरच्या बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "हजार विड्या कोण वळणार?" अजून गेलेली नाही.

गेल्या महिन्यात एक तरुण आला, प्रश्न तोच. त्याला विचारून मी जॉबरना फोन लावला, त्याला मीटिंगला न्याल का म्हणून.

"नेतो की. कुठं उभा राहील तो?"

"आणि तुमच्या ओळखीचा निघाला तर?"

"तर काय, बाजारात ओळख दाखवणार नाही."