बाळाचं पोट, मध आणि दही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लेकीचं सिझर झालं. बाळ पूर्ण दिवसांचं आहे, आता चार महिन्यांचं, अंगावरच पितं. सिझरच्या बाळाला आईकडचे चांगले जंतू मिळत नाहीत म्हणून कुणी प्रोबायोटिक थेंब सुचवतं; घरातल्या मोठ्या बाया मधात गुटी उगाळून चाटवा म्हणतात. काय द्यावं?
— एक आजी, सेलू

उत्तर : आजी, दोन्ही नको. सिझरच्या बाळाच्या आतड्यात सुरुवातीला बॅक्टेरॉइड्ससारखे काही जंतू कमी असतात, हे खरं. पण आईच्या दुधात लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम अशा साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या साखरांवर बिफिडोबॅक्टेरिया हे चांगले जंतू जगतात. त्यातून आम्ल तयार होतं आणि जुलाबाच्या बऱ्याच जंतूंना तिथं पाय रोवता येत नाहीत. म्हणून सहा महिने फक्त अंगावरचं दूध. परभणीच्या उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. धडधाकट बाळाला थेंबांची गरज नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तर थेंबांतलेच जंतू रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत.

मधाचं मात्र कडक पाळा : वर्षाच्या आत बोटभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच जंतूंची गर्दी असल्यानं ते रुजत नाहीत. तान्ह्या आतड्यात जागा रिकामी असते, तिथं ते वाढून विष सोडतात. मध शुद्ध, घरच्या पोळ्याचा असला तरी धोका तोच, आणि उकळूनही बीजाणू मरत नाहीत. आधीच चाटवला असेल आणि शी थांबली, रडणं क्षीण झालं, ओढून पिणं कमी झालं किंवा पापण्या जड दिसल्या, तर तडक दवाखाना गाठा. नुसती शी दोन-चार दिवसांनी होत असेल, पण मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल, तर घोर नको.

सहा महिने भरले की दोन-तीन चमचे मऊ वरणभात किंवा ज्वारीच्या पिठाची घट्टसर पेज, दिवसातून दोन-तीनदा. अंगावरचं चालूच.

प्रश्न : घशासाठी प्रतिजैविक सुरू आहे, पोट बिघडलं. दही चालेल का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : चालेल, पण गोळीसोबत नको. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सीसायक्लिन यांसारखी औषधं दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि अंगाला लागत नाहीत. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. कढी करून उपयोग नाही, उकळीत जंतू मरतात. ताजं दही किंवा ताक घ्या. गोळ्या मनानं बंद करू नका. शीमध्ये रक्त, ताप किंवा पोटात कळा असतील तर जुलाब थांबवायची गोळी न घेता डॉक्टरांना दाखवा.