आत्याला ‘सुप्रभात’ नको, काम सांगा

प्रश्न : माझी आत्या ठाण्यात, घोडबंदर रोडजवळच्या एका वृद्धाश्रमात असते. तिने लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं. मी रोज तिला फुलांचं चित्र आणि सुविचार पाठवते, तिचे जोडलेले हात परत येतात. तिथल्या मावशी म्हणतात, त्या कुणाशी फारशा बोलतच नाहीत. तिला बरं वाटेल असं काय पाठवू? माझ्या मुलांचं मराठी तुटकं आहे.
— भाची, टोरांटो

उत्तर : ते गुलाबाचं फूल आधी बंद करा. तेच चित्र तिला नात्यातले आणखी चारजण पाठवत असणार, आणि त्याने फोन भरला की तुमच्या मुलांचा व्हिडिओ उघडत नाही. जोडलेले हात म्हणजे पोच. त्याला गप्पा म्हणत नाहीत.

पाठवायचा तर आवाज पाठवा, पाऊण मिनिटाचा. सुरुवातीलाच नाव सांगा, कोण बोलतंय हे ओळखण्यातच निम्मा निरोप जातो. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि लहान मुलांचं बोलणं तर फारच. ओरडून उपयोग नाही; सावकाश, जरा खालच्या पट्टीत बोला. कानात मशीन असेल तर फोन कानाला लावल्यावर ते शिट्टी मारू शकतं. मावशींना स्पीकरवर लावायला सांगा.

आता काय बोलायचं. ‘जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का’ हे तिला तिथे दिवसभर विचारतातच. जन्मभर पोरांना शिकवलेल्या बाईला कुणी काही विचारतच नाही, हे खरं दुखणं. म्हणून तिला काम सांगा. ‘आत्या, थालीपिठाच्या भाजणीत धणे किती घालू?’ ‘गडकरी रंगायतन १९७८ साली झालं, त्याच्या आधी तुम्ही नाटकं कुठे बघायचात?’ ‘तलावपाळीला बोटीत बसायला तेव्हा किती पैसे पडायचे?’ एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर आलं की त्याचं पुढे काय झालं ते नक्की कळवा. थालीपीठ तुटलं तर तुटलेल्याचा फोटो पाठवा. चूक काढायला मिळाली की शिक्षकांना हुरूप येतो!

मुलांचं तुटकं मराठी इथे पथ्यावरच पडेल. त्यांना दर आठवड्याला चार ओळी वाचून पाठवू द्या आणि आत्याला त्या सुधारायला सांगा.

प्रत्यक्ष फोनची वेळ मात्र तिच्या घड्याळाने ठरवा. उन्हाळ्यात शनिवारी तुमच्याकडे सकाळी साडेआठ म्हणजे ठाण्यात संध्याकाळचे सहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचं घड्याळ तासभर मागे जातं. तुम्ही साडेआठच धरून बसलात तर तिकडे सात वाजतात, आणि बऱ्याच आश्रमांत ती जेवणाची वेळ असते. सहापासून फोन हातात धरून बसलेल्या माणसाला टोरांटोचं घड्याळ काय माहीत? हिवाळ्यात साडेसातला उठा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेआठ.

कागदालाही विसरू नका. फोन मावशींकडे मागावा लागतो. पत्र उशाखाली राहतं, शेजारच्या खाटेवर दाखवता येतं. ठाण्यात एखादा चुलतभाऊ असेल तर त्याला मजकूर पाठवा. मोठ्या ठळक अक्षरांत, चकचकीत नसलेल्या पांढऱ्या कागदावर छापून तो पोस्टात टाकेल. पन्नास पैशांचं पोस्टकार्डही चालतं, फक्त अक्षर मोठं हवं. फोटोच्या मागे प्रत्येकाचं नाव आणि नातं लिहा. विस्मरण सुरू झालं असेल तर ‘मला ओळखलंस का?’ कधीही विचारू नका. ती परीक्षा असते आणि नापास झाल्याचं त्यांना कळतं.

मुलांना तिथल्या इतरांसाठी, ज्यांना कुणाचंच काही येत नाही त्यांच्यासाठी, कार्डं करायची असतील तर फारच छान. आधी व्यवस्थापकांना विचारा. कार्डावर तुमचा पत्ता किंवा फोन नको, खाऊ नको (मधुमेह अनेकांना असतो), आणि ‘लवकर बरे व्हा’ तर नकोच नको. दिवाळीचं कार्ड करताना त्या वर्षी कुणाकडे दुःख झालंय का, हे विचारून घ्या. अशांना साधं ‘कसे आहात’ पुरतं. सगळ्यांना सरसकट ‘आजी-आजोबा’ही नको. कुणी काका असतं, कुणी सर. तुमच्या आत्याला एखादा जुना विद्यार्थी शोधून त्याच्याकडून ‘बाई, ओळखलंत का माझं अक्षर?’ असं पत्र आणवता आलं तर तुमचे महिनाभराचे निरोप एकीकडे आणि ते एकीकडे. (होय, विद्यार्थ्याला परीक्षा घ्यायची मुभा आहे.)

एक गोष्ट गंभीरपणे. आवाजात भीती जाणवली, अंगावर वळ दिसले किंवा आश्रमातले लोक तिला फोन देणंच टाळायला लागले, तर गोड निरोप बाजूला ठेवा आणि ठाण्यातल्या नातेवाइकाला, आश्रमाला आधी न कळवता, तिथे जाऊन यायला सांगा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. तो भारतातला मोफत क्रमांक आहे, म्हणून फोन त्या नातेवाइकालाच करू द्या.

आणि त्या चुलतभावाला आत्याच्या फोनचा रिचार्ज कधी संपतो तेही बघायला सांगा. उत्तर आलं नाही म्हणून रुसायच्या आधी एवढं तपासलेलं बरं.